‘केली’ आणि ‘झाली’

स्वप्नात मला शौचालय नेहमी सापडत असे. कधी ते शाळेचे असे, कधी एखाद्या अनोळखी घराचे. पण दार उघडे असे, आत कोणी नसे आणि आपण अगदी योग्य जागी आलो आहोत याची मनाला पूर्ण खात्री वाटत असे. मग एक ऊब जाणवायची. ती ऊब ओळखीची होती, आणि ती जाणवताच स्वप्न विरू लागे. पण नीट जाग येईपर्यंत ऊब जाऊन तिथे गार ओल आलेली असे. अकराव्या वर्षापर्यंत माझे अंथरूण ओले होत होते. हे वाक्य मी चाळिशी उलटेपर्यंत कोणासमोर उच्चारले नव्हते, नवऱ्यासमोरही नाही. ते पहिल्यांदा उच्चारले ते माझ्या साडेसहा वर्षांच्या मुलीसमोर, रात्री दोन वाजता, तिची चादर बदलताना.

मराठीत या गोष्टीसाठी दोन क्रियापदे आहेत आणि त्या दोहोंत फार मोठे अंतर आहे. ‘अंथरुणात शू केलीस?’ असा एक प्रश्न असतो आणि ‘शू झाली का?’ असा दुसरा. पहिल्यात कर्ता आहे, म्हणून हेतू आहे, म्हणून दोषही आहे. दुसऱ्यात फक्त घडलेली गोष्ट आहे. शिंक यावी, ठसका लागावा तशी. माझ्या लहानपणी आमच्या घरात पहिले क्रियापद चालत असे. माझी आई कठोर नव्हती. तिने मला यासाठी कधी मारले नाही, चारचौघांत कधी विषय काढला नाही. पण सकाळी पांघरूण बाजूला करताना ती ‘पुन्हा केलीस?’ एवढेच विचारायची आणि मी मान खाली घालून ‘हो’ म्हणायचे. रोजच्या त्या ‘हो’मधून मी अशा कृत्याची कबुली देत होते, जे मी केलेच नव्हते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला हे असे मांडता येत नाही. तिला एवढेच कळते की आपण काहीतरी वाईट करतो, ते कसे करतो हे आपल्याला ठाऊक नाही, आणि म्हणून ते थांबवताही येत नाही.

आईने उपाय पुष्कळ केले. अंधार पडल्यावर पाणी बंद झाले. रात्री अकराला मला उठवून नेले जाई. मी झोपेतच चालत जायचे, झोपेतच परत यायचे आणि सकाळी मला त्यातले काही आठवत नसे. तहान असह्य झाली की मी तोंड धुण्याच्या निमित्ताने नळाला तोंड लावून पाणी प्यायचे, आणि त्या रात्री चादर ओली झाली की ते चोरून प्यायलेल्या पाण्याचेच फळ आहे, अशी माझी खात्री होत असे. आज वाटते, आईजवळ दुसरे काही नव्हतेच. तिला कोणी काही सांगितले नव्हते, आणि तिने कोणाला विचारावे अशी ही गोष्ट कोणी मानत नव्हते.

माझी मुलगी पाच वर्षांची झाली आणि तिची चादर आठवड्यातून चार-पाच रात्री ओली होत राहिली, तेव्हा नवऱ्याने मला सहज विचारले, ‘आपल्याकडे कोणाला होतं का असं?’ मी ‘नाही’ म्हणाले. इतक्या वर्षांनंतरही तोंडातून आधी नकारच आला. तो नकार किती चुकीचा होता, हे पुढे वाचताना कळले. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते, दोघांनाही असेल तर ७७ टक्के, आणि दोघांपैकी कोणालाच नसेल तर १५ टक्के. १९९५ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी काही कुटुंबांचा अभ्यास करून त्याचा संबंध तेराव्या गुणसूत्राशी जोडून दाखवला. नंतर इतर गुणसूत्रांचीही नावे पुढे आली. म्हणजे मुलीला तिचे डोळे जसे माझ्याकडून मिळाले, तशाच या रात्रीही बहुधा माझ्याकडूनच मिळाल्या होत्या, आणि ते सांगू शकणारी एकमेव व्यक्ती गप्प बसली होती.

पाच वर्षांच्या आधी डॉक्टर याला आजार मानत नाहीत, तक्रारही मानत नाहीत. पाचव्या वर्षी दर १०० मुलांपैकी साधारण १५ मुलांचे अंथरूण ओले होत असते. सातव्या वर्षी ही संख्या ५ ते १० वर येते, दहाव्या वर्षी ५ च्या आसपास राहते आणि पंधराव्या वर्षीही एक-दोन मुले उरतातच. मुलींच्या तुलनेत मुलग्यांमध्ये हे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. उरलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के मुले दर वर्षी कोणताही उपचार न करता आपोआप कोरडी होतात. या आकड्यांतला जो मला सर्वांत जास्त लागला तो हिशेब साधा आहे. सात वर्षांच्या ३० मुलांच्या वर्गात अशी दोघे-तिघे सहज असतात, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला वाटत असते की संपूर्ण वर्गात आपण एकटेच आहोत. माझ्या वर्गातही दुसरी कोणी होती का, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

रात्री शरीरात काय घडते, किंवा घडायचे राहते, ते समजून घेतल्यावर माझा स्वतःवरचा जुना राग बराच निवला. रात्र झाली की मेंदूतल्या पीयूष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात सुटते आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा निरोप देते, त्यामुळे रात्रीचे मूत्र कमी आणि दाट बनते. काही मुलांत ही रात्रीची वाढ उशिरा सुरू होते, आणि त्यांची मूत्रपिंडे रात्रभर दिवसासारखीच काम करत राहतात. १९८०च्या दशकात डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवले. दुसरी गोष्ट मूत्राशयाची. मुलाच्या वयात एक मिळवून त्याला ३० ने गुणले की त्याच्या मूत्राशयात साधारण किती मिलिलीटर मावावे याचा अंदाज येतो, म्हणजे सात वर्षांच्या मुलाचे सुमारे २४०. काहींच्या मूत्राशयात त्याहून बरेच कमी मावते, किंवा ते पूर्ण भरण्याआधीच आकुंचन पावू लागते. पण या दोन्ही गोष्टी असूनही अंथरूण कोरडे राहू शकते, जर मूल जागे झाले तर. खरी अडचण तिसरीच आहे. भरलेल्या मूत्राशयाकडून जाणारी सूचना मेंदूपर्यंत पोहोचते, पण तिने जाग येत नाही. ‘झोप फार गाढ आहे’ असे आपण म्हणतो, पण ते पुरते खरे नाही. यांतल्या पुष्कळ मुलांची झोप उलट तुटक आणि अस्वस्थ असते. फक्त जागे होण्याचा उंबरठा त्यांना ओलांडता येत नाही.

हे तिन्ही दोष वाढीतल्या उशिराचे आहेत. कोणाचे दात लवकर येतात, कोणाचे उशिरा येतात, तसेच हे. यांतल्या कशातही आळस नाही, हट्ट नाही, लक्ष वेधून घेण्याची धडपड नाही. झोपलेले मूल काही करत नसते. त्याच्याकडून आपण काही मागू शकत नाही, आणि जे झोपेत घडले त्याचा जाब जागे झाल्यावर विचारू शकत नाही. जाग्या मुलाच्या हातात मात्र काही गोष्टी असतात आणि त्या त्याच्याकडून मागता येतात. या दोन मुलांमधली रेघ, झोपलेल्या आणि जाग्या, ही मला फार उशिरा दिसली. आणि ती दिसण्याआधी मी एक मोठी चूक केली.

मुलगी साडेसहा वर्षांची असताना मी तिच्या कपाटावर एक तक्ता लावला. प्रत्येक कोरड्या रात्रीला एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की तिच्या आवडीची रंगपेटी. मला हा उपाय प्रेमळ वाटला होता. मी रागावत नव्हते, आईसारखे ‘पुन्हा केलीस?’ विचारत नव्हते, फक्त कौतुक करत होते. पहिल्या आठवड्यात दोन चांदण्या लागल्या, दुसऱ्यात एक, आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक सलग पाच. मी सगळ्यांना सांगत सुटले. सहाव्या दिवशी तिच्या खोलीत वास आला म्हणून शोधले, तर कपाटाच्या मागे घड्या घालून ठेवलेल्या तीन ओल्या चड्ड्या आणि एक झोपण्याचा झगा सापडला. गादीवर तिने टॉवेल अंथरला होता आणि त्यावर चादर नीट ताणून खोचली होती. सात वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीने अंधारात, एकटीने, आवाज न करता हे सगळे केले होते.

मी तिथेच जमिनीवर बसले. चादर उलटी करून ओली बाजू खाली घालणे, कोरड्या कोपऱ्यात अंग चोरून झोपणे, सकाळी सर्वांच्या आधी उठणे, हे सगळे मी स्वतः केले होते आणि हे कसले लक्षण आहे ते मला ठाऊक असायला हवे होते. तक्त्यावरची चांदणी आणि आईचा प्रश्न यांत मुलीच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. दोन्हींचा अर्थ एकच होता, की हे तुझ्या हातात आहे. ज्या गोष्टीवर मुलाचा ताबा नाही तिच्यासाठी बक्षीस ठेवले की बक्षीस न मिळणे हीच शिक्षा होते, आणि शिक्षा टाळण्याचा त्याला ठाऊक असलेला एकमेव मार्ग म्हणजे लपवणे. पुढे आम्हांला डॉक्टरांनी सांगितले की बक्षीस द्यायचेच असेल तर ते मूल जागेपणी जे करते त्यासाठी द्यावे. दिवसा पाणी प्यायल्याबद्दल, झोपण्याआधी शौचालयात जाऊन आल्याबद्दल, चादर बदलायला हात लावल्याबद्दल. कोरड्या रात्रीसाठी कधीही नाही.

त्याच रात्री दोन वाजता ती माझ्या पलंगाशी येऊन उभी राहिली. तक्ता मी संध्याकाळीच काढून टाकला होता, पण का काढला ते तिला सांगितले नव्हते. ‘आई, मी नाही केली,’ ती म्हणाली. तिचे कपडे पायापर्यंत भिजले होते. मी म्हटले, ‘माहीत आहे मला. तू नाही केलीस. ती झाली.’ मग चादर काढता काढता तिला माझ्या स्वप्नातल्या शौचालयाविषयी सांगितले, गार ओलीविषयी सांगितले, अकरा वर्षांपर्यंतचे सगळे सांगितले. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने विचारले, ‘तुझी पण? मग बंद कशी झाली?’ मला त्याचे उत्तर देता येत नव्हते, कारण माझी ती आपोआप थांबली होती. एके दिवशी लक्षात आले की बऱ्याच दिवसांत झालेली नाही. ‘आपण डॉक्टरांना विचारू,’ मी म्हणाले. नवऱ्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले. तो एवढेच म्हणाला, ‘तू मला हे आधी सांगायला हवं होतंस.’

बालरोगतज्ज्ञांनी तपासण्यांची लांबलचक यादी दिली नाही. एक साधी लघवीची तपासणी, आणि बाकी प्रश्नच प्रश्न. दिवसा कपडे ओले होतात का, लघवीला अचानक घाई होते का, जळजळ होते का, तहान फार लागते का, वजन उतरले आहे का, रात्री घोरते का, आणि शौचाला किती दिवसांनी होते. शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. मुलगी स्वतः शौचालयात जाऊ लागल्यापासून ते पाहणे मी सोडून दिले होते. तिलाच विचारले तेव्हा कळले की तीन-तीन दिवस जातात आणि त्रास होतो. डॉक्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि तो जिथे होता तिथेच ठेवून मला म्हणाले, ‘इथून सुरुवात करू.’

मलाशय आणि मूत्राशय ओटीपोटात अगदी शेजारी असतात. मलाशय कडक मळाने तुंबून फुगले की ते मूत्राशयाला दाबते. मग त्यात मावते कमी आणि ते उगाच आकुंचन पावते. १९८०च्या दशकात माँट्रियलमधले बालमूत्रपिंडतज्ज्ञ शॉन ओ’रेगन यांनी अशा मुलांच्या बद्धकोष्ठतेवर उपचार केले आणि त्यांतल्या पुष्कळांचे अंथरूण ओले होणेही थांबल्याचे मांडले. इतके जवळचे कारण पालकांच्या नजरेतून सुटते, कारण मूल रोज शौचाला जात असले तरी पोट पूर्ण साफ होत असेलच असे नाही. आम्हांला मळ मऊ करणारे औषध दिले, रोज जेवणानंतर दहा मिनिटे शौचालयात शांत बसायला सांगितले, आणि पायांखाली एक बुटके स्टूल ठेवायला सांगितले. हे स्टूल मला फार महत्त्वाचे वाटते. मोठ्यांच्या कमोडवर लहान मुलाचे पाय लोंबकळत असतात, आणि लोंबकळत्या पायांनी ओटीपोटाचे स्नायू नीट सैल होत नाहीत. त्यामुळे मळही पूर्ण जात नाही आणि मूत्रही. दोन महिन्यांत तिच्या ओल्या रात्री आठवड्याला पाचवरून तीनवर आल्या.

पाण्याच्या बाबतीत तर आमच्या घराचा सगळा रिवाज उलटा करावा लागला. संध्याकाळी पाणी तोडण्याऐवजी दिवसभर भरपूर पाजायचे होते. शाळेतली मुले दिवसभर नीट पाणी पीत नाहीत, शाळेतल्या शौचालयात जाणे टाळतात, आणि घरी आल्यावर राहिलेली सगळी तहान एकदम भागवतात. पाच-आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात एक ते दीड लिटरच्या आसपास द्रव पदार्थ लागतात आणि त्यांतला मोठा भाग दुपारपर्यंत पोटात गेला, तर रात्री तहान आपोआप कमी लागते. नियमित भरणारे आणि नियमित रिकामे होणारे मूत्राशय अधिक धारण करू लागते. उपाशी ठेवलेले नव्हे. चहा, कॉफी, कोलासारखी पेये मात्र मुलांना देऊच नयेत. दिवसातून चार ते सात वेळा, घाई होण्याची वाट न पाहता, लघवीला जाणे आणि झोपण्याच्या अगदी आधी एकदा जाऊन येणे, एवढे जाग्या मुलीच्या हातात होते आणि ते तिने मनापासून केले. तहानलेल्या मुलाला रात्री घोटभर पाणी नाकारू नये, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

रात्री अकराला उठवून नेण्याच्या उपायाने चादर त्या रात्रीपुरती वाचते. आई-वडील फार दमले असतील तर तेवढ्यासाठी तो करायलाही हरकत नाही, पण त्याने मूल काही शिकत नाही, कारण सूचना मूत्राशयाकडून येत नाही, आपल्याकडून येते.

खऱ्या सूचनेशी जाग जोडून देणारे साधन आहे ते घंटेचे. त्याचा शोध अपघातानेच लागला. १९०४ साली माइनहार्ड फॉन फाउंडलर या बालरोगतज्ज्ञांनी वॉर्डातल्या परिचारिकांना मुलाचे अंथरूण ओले झाल्याचे लगेच कळावे म्हणून अंथरुणाला विजेची घंटा जोडली. हेतू एवढाच होता की मुले ओल्यात पडून राहू नयेत. पण काही दिवसांनी असे दिसले की मुले कोरडी राहू लागली आहेत. १९३८ साली होबार्ट आणि विली मे मॉवरर या दांपत्याने ही पद्धत पद्धतशीर उपचार म्हणून मांडली, आणि आजही तत्त्व तेच आहे. आताचे यंत्र काडेपेटीएवढे असते. ओल ओळखणारा चिमटा चड्डीला लावायचा आणि भोंगा खांद्याजवळ. पहिला थेंब पडताच तो वाजतो.

डॉक्टरांनी आधी मुलीला विचारले की तुला हे हवे आहे का. तिने दोन दिवस मागून घेतले आणि मग ‘हो’ म्हणाली. ते दोन दिवस देणे फार योग्य होते असे मला वाटते, कारण हा उपचार मुलाच्या इच्छेविरुद्ध चालत नाही, आणि थकलेल्या, चिडलेल्या घरात तर मुळीच चालत नाही. पहिल्या रात्री भोंग्याने घरातले सगळे उठले, ती सोडून. हे होणारच, असे आम्हांला सांगितले गेले होते. पहिले काही आठवडे मूल भोंग्याने उठत नाही. पालकाने उठून त्याला पूर्ण जागे करायचे असते, भोंगा त्याच्याच हाताने बंद करवायचा, शौचालयात नेऊन उरलेली लघवी करू द्यायची, कपडे बदलायचे आणि यंत्र पुन्हा लावायचे. तीन आठवडे मी तिच्या खोलीत जमिनीवर झोपत होते. रोज रात्री एकदा, कधी दोनदा. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मला वाटले की काहीच होत नाही, आणि मी डॉक्टरांना तसे सांगितलेही. त्यांनी विचारले, ‘डाग केवढा आहे?’ मी डागाकडे कधी पाहिलेच नव्हते. त्या रात्री पाहिला. ताटाएवढा असणारा डाग आता तळहाताएवढा होता. भोंगा बाराला वाजायचा तो आता तीनला वाजत होता. रात्र अजून ओलीच होती, पण त्या ओल्या रात्रीतच शरीर शिकत होते, आणि आम्ही फक्त सकाळ पाहत असल्यामुळे ते आम्हांला दिसले नव्हते.

सहाव्या आठवड्यात एका रात्री भोंगा वाजलाच नाही. मी दचकून उठले तर पलंग रिकामा होता आणि शौचालयाचा दिवा लागलेला होता. अकराव्या आठवड्यापर्यंत सलग १४ कोरड्या रात्री झाल्या, आणि या यंत्रासाठी तेच यशाचे माप मानतात. ते वापरणाऱ्या मुलांपैकी साधारण दोन-तृतीयांश मुले वापर चालू असताना कोरडी होतात. पण त्यासाठी दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि चार आठवड्यांत सुधारणेची कोणतीच खूण दिसली नाही तर थांबून पुढे पुन्हा प्रयत्न करणे शहाणपणाचे असते. मध्येच सोडून देणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही. रोज रात्री उठून सकाळी कामावर जाणे ही साधी गोष्ट नाही.

औषधही आहे. डेस्मोप्रेसिन हे त्या रात्रीच्या संप्रेरकाचे प्रयोगशाळेत बनवलेले रूप. ज्या मुलांत रात्री मूत्र फार बनते त्यांना ते लवकर गुण देते, म्हणून शाळेच्या मुक्कामी सहलीसारख्या प्रसंगी त्याचा मोठा आधार होतो. मात्र बंद केल्यावर पुष्कळदा त्रास परत येतो. त्याची एक अट कधीही विसरू नये. गोळी घेण्याच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मोजके, नाहीतर शरीरात पाणी साचून रक्तातले सोडियम उतरते आणि झटके येऊ शकतात. याच धोक्यामुळे २००७ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी नाकात मारायच्या फवाऱ्याचा या कारणासाठीचा वापर बंद केला. सहलीला पाठवण्यापूर्वी घरी घेऊन पाहावे आणि डॉक्टरांशिवाय घेऊच नये. इमिप्रामिन नावाचे जुने औषध जास्त मात्रा पोटात गेल्यास हृदयावर घातक ठरते, त्यामुळे ते आता सहसा पहिल्यांदा देत नाहीत.

एक गोष्ट मात्र घाईची आहे. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले होऊ लागले, तर ते वेगळे प्रकरण समजावे. त्यामागे लघवीचा संसर्ग असू शकतो. तहान वाढून वजन उतरत असेल तर मधुमेह असू शकतो, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरातला जन्म, मृत्यू, ताटातूट, शाळेतला छळ किंवा मुलाला कोणी दिलेला त्रासही असू शकतो, म्हणून अशा वेळी मुलाच्या बोलण्याकडे आणि त्याच्या न बोलण्याकडेही लक्ष द्यावे. दिवसाही कपडे ओले होत असतील, धार बारीक असेल, चालण्यात फरक दिसत असेल किंवा रात्री जोराने घोरत असेल, तर हे सगळे डॉक्टरांना सांगावे. टॉन्सिल आणि नाकामागच्या ग्रंथी सुजून झोपेत श्वास अडत असेल, तर त्यावर उपचार झाल्यावर कित्येक मुलांचे अंथरूणही कोरडे होते.

या सगळ्या काळात आमच्या घराला ज्याने खरा आराम दिला ते मात्र एक साधे काम होते. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री वरचे दोन थर ओढून काढले की खालचे अंथरूण तयारच असे. उशाशी कोरडे कपडे, पायाशी झाकणाची बादली, बोळातला दिवा चालू. दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांवर आले, आणि त्या आठ मिनिटांबरोबर माझी चिडचिडही गेली. रात्री दोन वाजता आपण कोणत्या आवाजात बोलतो ते पुष्कळदा मेणकापडावर अवलंबून असते. ओले कपडे आधी गार पाण्यातून काढावेत आणि फार वेळ ठेवू नयेत, कारण मूत्रातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया बनवतात आणि वास त्याचाच असतो. शाळेत जाण्यापूर्वी मुलाची आंघोळ नीट व्हावी. वर्गात चिडवले जाते ते चादरीमुळे नव्हे, या वासामुळे.

यंत्र कपाटात गेल्यानंतर ४० रात्री कोरड्या गेल्या. मग परीक्षेच्या आठवड्यात एका रात्री कोणीतरी माझ्या दंडाला हात लावला. घड्याळात दोन वाजून गेले होते. मुलगी कोरडे कपडे घालून उभी होती, ओले तिने बादलीत टाकले होते. ‘आई, झाली,’ ती म्हणाली, ‘चादरीचं दुसरं टोक धर ना.’ आम्ही दोघींनी अंधारातच चादर काढली. ती पलंगावर चढली आणि मी पांघरूण ओढेपर्यंत झोपलीसुद्धा. सकाळी न्याहारी करताना मी तिला रात्रीचे विचारले, तेव्हा तिला आठवायला थोडा वेळ लागला.